दोन्ही भाषांत कच्ची

मंगळवार, १७ सप्टेंबर

शाळेत माझं तिसरं वर्ष सुरू झालं. ग्रंथालयाच्या मागच्या कोपऱ्यातलं तेच गोल टेबल, त्याच बुटक्या खुर्च्या. फक्त उठताना गुडघे आता जास्त कुरकुरतात.

यादीत सहा मुलं आहेत. पाच जुनी, घरी स्पॅनिश आणि वर्गात इंग्रजी अशा कात्रीत सापडलेली. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर तासभर त्यांना एका भाषेतून दुसरीत नेऊन आणायचं, हे माझं काम. पगार नाही, आणि मला नकोही. टेक्सासातल्या शाळेत सात वर्षांची असताना माझ्या तोंडून एक स्पॅनिश शब्द गेला, म्हणून मास्तरांनी मला दुपारभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. पुढे इथे नेब्रास्कात टपाल कचेरीत एकतीस वर्षं खिडकीवर बसले. मांस कारखान्यात कामाला येणारा प्रत्येक जण पत्ता लिहून घ्यायला माझ्याकडेच यायचा. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आपल्यावर आली ती वेळ दुसऱ्या पोरांवर येऊ द्यायची नाही.

सहावी मुलगी नवी आहे. मार्लेनी मातियास, वय आठ, तिसरीत. वसंतात ग्वातेमालातून आली. तिच्या वर्गशिक्षिका होल्टबाई म्हणाल्या, इंग्रजीचा गंधही नाही. म्हटलं, हरकत नाही, स्पॅनिशच्या बोटाला धरून आणू.

पोर गप्प आहे. नाव विचारलं, सांगितलं. वय विचारलं, पुन्हा नावच सांगितलं. लाजत असेल.

गुरुवार, १९ सप्टेंबर

मार्लेनीला चित्रांचं पुस्तक दिलं. घोडा दाखवला, "हे काय?" ती म्हणाली, "हे काय." झाड दाखवलं, तर तेच. माझ्या वाक्याचं शेपूट तेवढं पकडून परत देते. डोळे मात्र माझ्या तोंडावरून हलत नाहीत. इतकं टक लावून माझ्याकडे माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी पाहिलं नसेल.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज मार्लेनीच्या आईला शाळेत बोलावलं होतं. कातारिना नाव. पंचविशीची असेल नसेल. कारखान्यात पहाटेच्या पाळीला असते, हाताच्या बोटांवर चाकूचे बारीक बारीक व्रण. शाळेला अधिकृत दुभाषा मिळत नाही, म्हणून होल्टबाईंनी मलाच बसवलं.

होल्टबाईंचं म्हणणं असं की मुलीची चाचणी करून घ्यावी. शिकण्यात काही मूलभूत अडचण आहे का ते कळेल. त्यासाठी आईची परवानगी हवी. मी सगळं नीट, सावकाश समजावलं.

"तुम्हाला समजलं ना, कातारिना?"

"हो, बाई."

"चाचणी करायला तुमची हरकत नाही ना?"

"हो, बाई."

आणि सही केली. अशी समजूतदार आई क्वचित भेटते. बाकीच्यांना एक कागद समजावता समजावता घसा कोरडा पडतो.

गुरुवार, १० ऑक्टोबर

मार्लेनी बोलते! पण माझ्याशी नाही. दुसरीतली एक मुलगी पुस्तक बदलायला आली, तिला पाहताच ही खुर्चीवरून उतरली आणि दोघी कुजबुजायला लागल्या. जवळ जाऊन ऐकलं, तर एक शब्द कळेल तर शपथ. घशात काहीतरी अडकून सुटावं तसे आवाज मध्ये मध्ये. पोरींनी आपसात काहीतरी गुपित बोली तयार केलेली दिसते. मी आणि धाकटी बहीण चेलो लहानपणी करायचो तशी.

खेळ म्हणून ठीक आहे, पण तासात नाही. मी ओठांवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "या टेबलावर स्पॅनिश नाहीतर इंग्रजी. तिसरं काही चालायचं नाही." मार्लेनीने लगेच मान खाली घातली. पुढचा अख्खा तास हूं की चूं नाही. निदान ऐकते तरी.

घशाचं काही दुखणं असेल का? होल्टबाईंच्या कानावर घालते.

रविवार, १३ ऑक्टोबर

जेवताना चेलोशी वाजलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला असते. आम्ही दोघी विधवा एका घरात राहतो, त्यामुळे भांडणाला दुसरं कोणी लागत नाही. मी मार्लेनीबद्दल सांगत होते, तर ही म्हणते, "ती गप्प? ताई, ती पोर रांगेत उभी राहून पुढच्यांची डोकी मोजते. बोटं नाचवून, घडाघडा. माझ्या स्पॅनिशमध्ये तसले आकडे नाहीत बाई."

मी म्हटलं, "तुझ्या स्पॅनिशमध्ये बऱ्याच गोष्टी नाहीत."

"तुझ्यात सगळ्या आहेत, माहीत आहे," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

चेलो पोळ्या वाढते आणि तेवढ्यावर तिला वाटतं मुलं आपल्याला कळतात. शिकवणं वेगळं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

चाचणीचा निकाल आला. जिल्ह्याहून जे गृहस्थ येतात, त्यांनी इंग्रजीत घेतली आणि मग स्पॅनिशमध्ये. दोन्हीकडे तळाला. स्पॅनिशमध्येही तळाला म्हटल्यावर प्रश्न भाषेचा नाही, बुद्धीचा, असं त्यांचं म्हणणं. होल्टबाईंनी माझ्याकडून लेखी अभिप्राय मागितला, कारण मुलीशी स्पॅनिशमध्ये सर्वांत जास्त वेळ बोलणारी मीच.

दुपारभर कागद पुढे घेऊन बसले. खोटं लिहायचं नव्हतं. शेवटी लिहिलं: "मुलगी शांत व आज्ञाधारक आहे. पाच आठवड्यांच्या शिकवणीनंतरही साध्या स्पॅनिश प्रश्नांची उत्तरं देऊ शकत नाही. दोन्ही भाषांत कच्ची."

वाचून बरं वाटलं नाही. पण जे दिसलं ते लिहिलं.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

अभिप्राय दिला. १४ नोव्हेंबरला साडेतीनला बैठक आहे. आईने सही केली की मार्लेनी पलीकडच्या इमारतीतल्या विशेष वर्गात जाईल. होल्टबाई म्हणाल्या, तिथे दहाच मुलं असतात, लक्ष दिलं जातं. त्यांच्या मनात काही वाईट नाही. तरी त्या वर्गातून परत आलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

आमचं कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं म्हणून चौकातल्या धुलाईच्या दुकानात गेले होते. आत मार्लेनी आणि तिची आई. मी मागच्या बाकावर होते, त्यांनी पाहिलं नाही. मार्लेनी आईला काहीतरी सांगत होती. दम न घेता, हातवारे करत, कोणाची तरी नक्कल करत. आई हसून हसून यंत्राला टेकली. मग मार्लेनीने पाठ वाकवली, चष्मा सावरल्यासारखं केलं, एक बोट ओठांवर ठेवलं. ती मीच होते. हुबेहूब.

आणि त्यातला एकही शब्द मला कळला नाही. घशातले तेच आवाज, पण अडकलेले नाहीत. जागच्या जागी, नेमके.

शेजारी एक म्हातारी चादरींच्या घड्या घालत होती. तिला विचारलं, या काय बोलतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आकाश कुठे आहे असं विचारलं होतं.

"माम," ती म्हणाली. "आमच्या डोंगरातलं बोलणं. पहाटेची निम्मी पाळी तेच बोलते."

"आणि स्पॅनिश?"

"मला येतं, मी बाजारात वाढले. तिला कुठलं? चाकू, लवकर, उद्या. कारखान्यात लागतं तेवढं. पोरीला तर तेही नाही."

मी तिला म्हटलं, गुरुवारी माझ्याबरोबर शाळेत याल का, नुसतं तिला समजावून सांगायला. म्हातारीने चादर पिशवीत कोंबली. म्हणाली, "कागद असतात तिथे मी जात नाही." आणि बाकीचे कपडे ओले असतानाच उचलून निघून गेली.

रविवार, १० नोव्हेंबर

प्रार्थनेला गेले नाही. चेलोला सांगितलं, डोकं दुखतंय.

सगळं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतं. शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा: स्पॅनिश' असं लिहिलं आहे. ते कातारिनाने लिहिलेलं नाही, अक्षर कचेरीतल्या बाईंचं आहे. ग्वातेमाला म्हटलं की स्पॅनिश, असं त्या धरून चालल्या. आणि मी? मी तर दोन महिने समोर बसले होते.

त्या पोरीला मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं नाही, एवढंच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

होल्टबाईंना मधल्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, माझा अभिप्राय चुकीचा आहे, परत द्या. त्या दमलेल्या दिसल्या. म्हणाल्या, तो आता फाइलमध्ये आहे, काढता येत नाही. जे काही असेल ते बैठकीत बोला.

"पण तिला तिसरीच भाषा येते."

"डेल्फिना," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीच एक ऑक्टोबरला तिच्या आईशी अर्धा तास स्पॅनिशमध्ये बोललात. मी शेजारी बसले होते. तिने प्रत्येक गोष्टीला होकार दिला."



बुधवार, १३ नोव्हेंबर

कातारिनाच्या घरी गेले. कारखान्यामागच्या चाकांवरच्या फिरत्या घरांच्या वस्तीत, तिसऱ्या ओळीत. तिने दार किलकिलं उघडलं, मला पाहिलं आणि पूर्ण उघडलं. बसायला एकच खुर्ची होती, ती मला दिली. स्वतः उभी. चुलीवर घेवड्याचं काहीतरी शिजत होतं.

मी शक्य तितकं सोपं बोलले. उद्या. शाळा. कागद. सही नको. मी हवेत सही केली आणि हात नाही म्हणून हलवला.

"हो, बाई."

पुन्हा केलं. मोठ्याने बोलले, जसं काही तिला ऐकू येत नव्हतं. पुन्हा तेच. तिने एक वाटी भरून माझ्या हातात दिली. मी खाल्लं. मार्लेनी कोपऱ्यातून पाहत होती, तिला समजलं असावं की काहीतरी बिनसलंय, कारण ती आज कोणाची नक्कल करत नव्हती.

उद्या ती सही करणार. ज्या कागदापुढे पेन ठेवाल त्या कागदावर सही करणारी बाई आहे ती. सही केली नाही तर या देशात काय होतं, कोणास ठाऊक, असं तिला वाटत असणार. आणि उद्याची दुभाषी मीच.

चेलोला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. एकदाही म्हणाली नाही की मी तुला सांगत होते. ते जास्त झोंबलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत लांब टेबल. एका बाजूला मुख्याध्यापक, होल्टबाई, जिल्ह्याचे गृहस्थ. दुसऱ्या बाजूला कातारिना आणि मी. ती कामावरून तशीच आली होती, कपाळावर केसांच्या जाळीचा वळ. गृहस्थांनी निकाल वाचला, मग माझा अभिप्राय वाचला. माझं वाक्य इंग्रजीत फारच शहाणं वाटलं. मग कागद कातारिनापुढे सरकवला आणि मला म्हणाले, सांगा त्यांना.

कातारिनाने पेन उचललं. मी काही बोलायच्या आधीच.

मी म्हटलं, "मी सांगू शकत नाही. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही."

गृहस्थ म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हीच दुभाषी होतात. सही आहे तुमची."

"मागच्या वेळी त्या हो म्हणाल्या. त्या सगळ्यालाच हो म्हणतात."

"हा तुमचा अंदाज झाला."

पेनाचं टोक कागदाला लागलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी कातारिनाकडे वळले आणि ऑक्टोबरात विचारलं होतं त्याच सुरात, तसंच हसून, स्पॅनिशमध्ये विचारलं, "कातारिना, तुमची मुलगी चाळीस वर्षांची आहे का?"

"हो, बाई."

मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही इंग्रजीत सांगितली.

"या टेबलाखाली बैल बांधला आहे का?"

"हो, बाई."

तेही सांगितलं. मुख्याध्यापकांच्या तोंडून हसू निसटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. होल्टबाईंनी डोळे मिटले.

कातारिनाने ते हसू पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खालून वर रंग चढत गेला. आपलं काहीतरी हसं झालं आणि ते काल घरी आलेल्या, आपली वाटी रिकामी केलेल्या बाईने केलं, एवढं तिला कळलं. त्याला भाषा लागत नाही. मी तिचा हात धरायला गेले, तिने काढून घेतला.

तिने पेन टेबलावर ठेवलं. मग ती बोलली. तिच्या बोलीत, आवाज न चढवता, एकेकाच्या तोंडाकडे बघत. होल्टबाईंकडे, गृहस्थांकडे, आणि सर्वांत जास्त वेळ माझ्याकडे. मध्ये दोनदा मार्लेनीचं नाव आलं. दोन मिनिटं असतील, जास्तही असतील. कोणालाच काही कळलं नाही आणि कोणी मध्ये तोंड घातलं नाही.

ती थांबल्यावर गृहस्थांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. म्हणाले, दुभाषा मिळेपर्यंत थांबू.

कातारिना माझ्याकडे न बघता निघून गेली. सही झाली नाही. मी जिंकले असं म्हणतात तशातलं काही मला वाटत नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मार्लेनी या आठवड्यात माझ्या तासाला आलेली नाही. वर्गात येते. माझ्याकडे पाठवायचं नाही असं आईने कळवलं असेल का? कसं कळवलं असेल? पाच मुलांना शिकवते आणि दाराकडे बघते.

मंगळवार, ३ डिसेंबर

दुभाषी मिळाली. कॅलिफोर्नियातली एक माम बाई, फ्लोरिंदा, फोनवरून. चाचणी पुन्हा घेतली. होल्टबाईंनी मला बोलावलं नव्हतं, मी स्वतः विचारून भिंतीजवळ उभी राहिले.

टेबलावर फोन, समोर मार्लेनी. फोनमधून पहिला शब्द आला आणि ती खुर्चीत ताठ झाली. तिने फोन उचलून खाली पाहिलं, जणू बाई त्याच्याखाली असेल. मग जी सुरू झाली ती थांबेना. गृहस्थ लिहून लिहून दमले. मध्ये एकदा फ्लोरिंदा हसत म्हणाली, "साहेब, मी प्रश्न विचारायच्या आधी ही उत्तर देते. पोर हुशार आहे. जरा आगाऊ आहे."

शेवटी गृहस्थांनी विचारलं, तू वर्गात बोलत का नाहीस?

मार्लेनीने थोडं सांगितलं. फ्लोरिंदाने ते इंग्रजीत सांगितलं.

"ती म्हणते, ती बोलत होती. मग म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, इथे बोलायचं नाही."

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा, आणि म्हटलं, "म्हातारी बाई मी."

विशेष वर्ग रद्द. ती तिसरीतच राहणार आणि दर आठवड्याला फ्लोरिंदाचा फोन. मी फ्लोरिंदाला विनंती केली, कातारिनाला माझ्या वतीने सांगा की त्या दिवशी मला दुसरा मार्ग दिसला नाही. तिने फोन लावून सांगितलं. कातारिनाचं उत्तर काय आलं ते विचारलं, तर म्हणाली, "ऐकून घेतलं त्यांनी."

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्लेनी आज तासाला आली. आईनेच पाठवलं म्हणे. माझ्या शेजारी नाही, समोर बसली. घोडा दाखवला तर तिने तिच्या बोलीत सांगितलं, मग मी स्पॅनिशमध्ये, मग दोघींनी मिळून इंग्रजीत. असे अकरा शब्द झाले. तिचे शब्द माझ्या घशातून निघत नाहीत.

घरी येऊन वहीत तिचे शब्द कसे लिहावेत हे बघायला मागच्या शालेय वर्षाची दैनंदिनी काढली, त्यात जुन्या मुलांसाठी मी उच्चार लिहून ठेवत असे. ८ मार्चचं पान उघडलं.

"बास्तियाना पाब्लो. नऊ वर्षं. ग्वातेमाला. गप्प, मान डोलावते. घशातून विचित्र आवाज काढते. आज अभिप्राय दिला."

अभिप्रायात काय लिहिलं ते पानावर नाही. लिहायची गरज नाही, मला माहीत आहे. ती मुलगी मी विसरले होते. नऊ महिने एकदाही आठवली नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळी आठला पलीकडच्या इमारतीत गेले. बास्तियाना तिथे नाही. एप्रिलपर्यंत विशेष वर्गात होती, मग बापाने दुसऱ्या राज्यातला कारखाना धरला आणि कुटुंब गेलं. फाइल तिकडच्या शाळेला पाठवली. कोणत्या शाळेला, ते कचेरीतल्या बाई सांगू शकत नाहीत, नियम आहे. मी फार वेळ उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, पत्र लिहून द्या, आम्ही पुढे पाठवू. पोहोचेल याची खात्री नाही.

घरी येऊन लिहायला बसले. पहिलं पत्र चार पानांचं झालं, त्यात माझं टेक्सास आलं, मास्तर आले, माझा चांगला हेतू आला. चेलोने वाचलं आणि म्हणाली, "ताई, हे तुझ्याबद्दल आहे." फाडलं. दुसऱ्यात नुसत्या माफ्या होत्या, तेही फाडलं.

तिसरं असं आहे:

"बास्तियाना पाब्लो हिच्या फाइलमध्ये माझा एक अभिप्राय आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. तिच्याशी माममध्ये बोलू शकणारं माणूस शोधा आणि तिला पुन्हा पहिल्यापासून विचारा. एका माम दुभाषीचा फोन नंबर सोबत देत आहे. मी तिला चार महिने शिकवलं. तिची भाषा कोणती, हे मी तिला एकदाही विचारलं नाही."